पुस्तके कुलपात आणि वाचणारे दारात

धानाची कापणी उरकली आणि दिवाळीची भाऊबीज आटोपली, की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे व नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी जातात. रात्री पडदा वर जातो तो पहाटे कोंबडा आरवेपर्यंत खाली येत नाही. आणि तोवर आमचा कुणबी, तेली, माळी, ढीवर, सुतार, कुंभार, बुरूड, गोवारी, गोंड असा सारा समाज तिकीट काढून, डोक्यावरून चादर घेऊन, थंडीत कुडकुडत बसलेला असतो. दुसरे दिवशी बांधीवर काम करता करता त्याच नाटकातील संवाद तो तोंडपाठ म्हणून दाखवितो. कोणते पात्र कोठे चुकले हेही सांगतो.

अशा या समाजाविषयी शहरातील शहाणी माणसे म्हणतात, की खेड्यातल्या माणसास वाचनाची गोडी नाही. त्यास पुस्तक दिले तर तो त्याच्या पुड्या बांधील. आम्ही मराठी अध्यापक विद्यालयातून शिकून बाहेर पडलो त्यास वीस वर्षे होऊन गेली, आणि तेव्हापासून या जंगलपट्टीतील खेड्यांत मास्तरकी करीत आहो. त्या अनुभवावरून आम्ही स्पष्ट सांगतो, की हा आरोप साफ खोटा आहे. जो माणूस चार अंकी नाटक रात्रभर जागून ऐकतो, त्यास शब्दांचा कंटाळा आहे असे कोण म्हणेल? त्याच्यापर्यंत पुस्तक पोचलेच नाही, अगर पोचले ते त्याच्या कामाचे नव्हते, एवढाच याचा अर्थ. आणि न पोचण्याचा दोष वाचणाराचा नव्हे, पोचविणाराचा आहे.

त्या पोचविणारांत आम्हीही आलो. म्हणून दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी आमचा स्वतःचा गुन्हा वाचकांपुढे कबूल करितो.

ज्या शाळेत आम्ही प्रथम दाखल झालो तेथे पत्र्याचे एक कपाट होते. त्यात शे-दीडशे पुस्तके होती व त्यास कुलूप होते. किल्ली आमच्या खिशात असे. कपाट सोपविताना आम्हांस ताकीद मिळाली होती, की पुस्तक हरवले तर पगारातून भरून द्यावे लागेल. वर्षाकाठी तपासणीस येणारे गृहस्थ साठा नोंदवही उघडीत, आकडे जुळवीत, खाली सही करीत व निघून जात. कपाट उघडून एखादे पुस्तक हाती घ्यावे आणि हे कोणत्या मुलाने वाचले असे विचारावे, ही बुद्धी त्यांस कधी झाली नाही. आम्हांसही झाली नाही. आमची नोंदवही आरशासारखी लख्ख होती. एकही पुस्तक फाटले नाही, एकही मळले नाही, एकही हरवले नाही. आम्हांस त्याचा अभिमान वाटे!

असे चार पावसाळे गेले. पाचव्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, आणि भाद्रपदात एके दिवशी कपाट उघडून पाहतो तो खालचे दोन कप्पे वाळवीने पोखरलेले. पुठ्ठे जागच्या जागी उभे आणि आत माती! गोष्टींची पुस्तके, पक्ष्यांची पुस्तके, थोरांची चरित्रे, सारे एकजात फस्त झाले होते. आमच्या कपाटातील पुस्तकांची पहिली वाचक वाळवी ठरली. ज्या मुलांच्या नावाने ती पुस्तके आली ती मुले तीन हातांवर पाटीपेन्सिल घेऊन बसली होती, आणि पुस्तके कुलपात सुरक्षित होती. त्या दिवशी आम्हांस जी लाज वाटली ती आजवर गेलेली नाही.

उरलेली पुस्तके आम्ही अंगणात चटईवर उन्हास घातली. मुले भोवती गोळा झाली. त्यांस आम्ही हुसकून लावले नाही, इतकेच पुण्य आमच्या हातून घडले. सातवीतला एक ढीवराचा पोर होता. त्याचे नाव पटावर असे, पण लक्ष तलावाकडे. वाचावयास उभा केला की अडखळे, आणि मुले हसत म्हणून पुढे पुढे तोंडच उघडीनासा झाला होता. त्याने बिबट्याचे चित्र असलेले एक पुस्तक उचलले व तो भिंतीशी जाऊन बसला. ते विलास मनोहर यांचे ‘नेगल’ होते. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ सालापासून लोकबिरादरी प्रकल्प चालतो. तेथे माणसांच्या सोबतीने वाढलेल्या बिबट्याची व इतर रानटी जनावरांची हकीकत त्या पुस्तकात आहे. पोर संध्याकाळपर्यंत उठला नाही. आठ दिवसांनी पुस्तक परत आणले तेव्हा त्यास मासळीचा वास येत होता आणि दोन पाने सुटली होती. तो म्हणाला, “गुर्जी, असा अखीन एखांदा पुस्तक आहे का जी?”

वाचकहो, आमच्या साऱ्या नोकरीत आम्हांस याहून मोठे बक्षीस मिळाले नाही. त्या दिवशी आम्ही एक गोष्ट शिकलो, आणि तीच सांगण्यासाठी आज ही लेखणी उचलली आहे. आधी माणूस पाहावा, मग पुस्तक निवडावे. “चांगले पुस्तक” अशी वस्तू कपाटात नसते. ज्याच्या हाती ते पडले त्याच्यासाठी ते चांगले ठरते, किंवा ठरत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आमच्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईस चर्नी रोडच्या बागेत एक महार समाजाचा विद्यार्थी रोज शाळा सुटल्यावर वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक येत असत. त्यांनी त्या मुलास पाहिले, चौकशी केली, त्याची वाचनाची भूक ओळखली. पुढे तो मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा झालेल्या समारंभात केळुसकर गुरुजींनी त्यास स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते पुस्तक वाचून आपले मन हलले, असे बाबासाहेबांनी स्वतः आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या कामीही हेच गुरुजी मध्ये पडले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आमच्या चांद्यास धम्मदीक्षेचा सोहळा झाला. चांद्याची ती भूमी आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तेथे हात जोडताना बागेत बसलेल्या त्या मुलाची व त्यास पुस्तक देणाऱ्या त्या शिक्षकाची आठवण किती जणांस होते? एका पुस्तकाने सारे घडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाहणारा गुरुजी, वाचणारा मुलगा आणि नेमके पुस्तक, ही तिन्ही एका ठिकाणी आली म्हणजे काय होऊ शकते, हे यावरून उघड होते.

आता कोणी विचारील, की माणूस पाहून पुस्तक द्यावे म्हणजे काय करावे? तर आमच्या वापरातील काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, इयत्ता पाहू नका, सराव पाहा. सातवीतला मुलगा तिसरीचे पुस्तक अडखळत वाचीत असेल तर त्यास सातवीचे जाड पुस्तक देणे म्हणजे नांगराला वासरू जुंपणे होय. पण तिसरीचे पुस्तक उघडपणे त्याच्या हाती दिले तर तो लाजेल. अशा वेळी आम्ही सांगतो, “बाबू, हे घरी ने आणि धाकट्या बहिणीस वाचून दाखव.” बहिणीचीही करमणूक होते आणि याचाही सराव होतो. मानही राहतो व कामही होते. दुसरी खूण अशी, की मुलास पुस्तकाचे एक पान वाचावयास सांगावे. पानात पाचांहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक तूर्त बाजूस ठेवावे. सहा महिन्यांनी तेच पुस्तक तो आपण होऊन मागेल. तिसरी गोष्ट, वाचून झाल्यावर “तात्पर्य काय?” असे विचारू नये. तात्पर्य विचारले की मुलास वाटते, हीदेखील परीक्षाच. “कोणती जागा आवडली?” एवढे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे.

अगदी लहान मुलांस मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके द्यावी. माधुरी पुरंदरे यांनी लिहिलेली व चित्रे काढलेली ‘राधाचं घर’ यासारखी पुस्तके या वयास फार मानवतात. त्यांत उपदेश नाही, घरातलीच माणसे आहेत. त्यांनीच संपादिलेले ‘वाचू आनंदे’ बालांसाठी व कुमारांसाठी निरनिराळ्या भागांत आहे. मराठीतील नव्याजुन्या लेखकांचे निवडक उतारे व चित्रे त्यात एकत्र सापडतात, म्हणून ज्या शाळेस एकच संच घेणे परवडते तिने हा घ्यावा. नॅशनल बुक ट्रस्ट ही सरकारी संस्था १९५७ साली निघाली. तिची मुलांची पुस्तके स्वस्त असतात. प्रथम बुक्स या संस्थेने तर स्टोरीविव्हर नावाच्या संकेतस्थळावर हजारो गोष्टी फुकट ठेविल्या आहेत. त्यांत मराठी आहेत, गोंडीही आहेत. एटापल्ली-भामरागडकडे ज्या लेकराच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, त्याच्या पुढ्यात पहिल्याच दिवशी पुण्याची मराठी टाकली तर ते बावरणारच. त्यास आपल्या आईच्या बोलीतील एक गोष्ट आधी भेटू द्या. मोबाईल घरोघरी पोचलाच आहे, तर त्यातून एवढे तरी काम घ्या.

दहा-बारा वर्षांच्या पोरास साहस, जनावरे व हसणे ही तीन पाहिजेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीसारख्या खेड्यातून आलेला मुलगा आहे, म्हणून खेड्यातील पोरास तो आपला वाटतो. मारुती चितमपल्ली यांची ‘रानवाटा’ व इतर पुस्तके आमच्या मुलांनी वाचलीच पाहिजेत. वनखात्यात नोकरी करून विदर्भाच्या जंगलात ज्यांनी आयुष्य काढले व २०२५ साली ज्यांचे निधन झाले, त्या चितमपल्लींनी आमच्याच रानाचे लिखाण केले आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ शेजारच्याच जंगलाविषयी आहे. मोहाची फुले वेचणाऱ्या पोराने अशी पुस्तके वाचली म्हणजे त्यास कळते, की आपण रोज जे पाहतो तेही पुस्तकात लिहिण्याच्या योग्यतेचे आहे. आमच्या मते हे कळणे गणिताच्या दहा गुणांहून मोलाचे आहे. जपानी बाई तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत आले आहे. शाळेतून काढून टाकलेल्या एका मुलीस आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत कसा गुरुजी मिळाला, याची ती हकीकत आहे. हे पुस्तक मुलांनी वाचावे, व शिक्षकांनी दोनदा वाचावे. मास्तरांसाठी आणखी एक म्हणजे माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी वाचून आम्हांस आमची पहिली शाळा आठवली.

शेतकरी बंधूंनी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ जरूर वाचावे. हे पुस्तक १९८१ साली निघाले आणि आजही खपते. अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर हा निग्रो मुलगा शिकून कृषिशास्त्रज्ञ झाला. कापसाने खंगलेल्या जमिनीत भुईमूग व रताळी लावून ती कशी सुधारावी हे त्याने गरीब शेतकऱ्यांस शिकविले, आणि शेतकरी शाळेत येत नाही म्हणून १९०६ साली घोड्याच्या गाडीवर शाळा चढवून ती त्यांच्या बांधावर नेली. हे वाचताना आमच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जेमतेम तिसरी शिकलेल्या या शेतकऱ्याने आपल्या बांधीत निराळी दिसलेली लोंबी वेगळी काढून जपली व एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. दादाजी २०१८ साली वारले. ज्यास डोळे आहेत त्यास शेत हेच पुस्तक असते. परंतु शेतातले वाचलेले कागदावर उतरले नाही, तर त्याचे श्रेय व त्याचे मोल दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून शेतकऱ्याने वाचलेही पाहिजे व लिहिलेही पाहिजे.

ज्योतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ आमच्या घरात असावा हे निराळे सांगावयास नको. पण त्याच्या शेजारी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ ठेवावे. त्यात कुणबी व बलुतेदार यांची बारीकसारीक माहिती आहे, पण ती सरकारी कामगाराच्या खुर्चीवरून पाहिलेली आहे. जोतीरावांनी तोच गाव रयतेच्या बाजूने पाहिला. दोन्ही वाचून ताडून पाहावे, कोठे पटते व कोठे नाही ते आपल्या डोक्याने ठरवावे. छापले ते सारे खरे, असे मानणारा वाचक पोथी ऐकणाऱ्या अडाण्याहून फारसा पुढे गेलेला नसतो.

कारागीर घरांसाठी उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी आहे. विदर्भातील एका शिंप्याच्या घराची ती कथा आहे, आणि त्यातील कौतिक ही बाई संसाराचा गाडा एकटीने कशी ओढते हे वाचून डोळ्यांस पाणी येते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ या आत्मचरित्राचे नाव वाचताच आमच्या सुतार, लोहार, न्हावी बंधूंस त्याचा अर्थ कळेल. शहरातल्या वाचकास तो समजावून द्यावा लागतो. बायाबापड्यांसाठी म्हणाल तर ‘बहिणाबाईंची गाणी’. लिहिता न येणाऱ्या शेतकरी बाईची ही गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली. ती एकीने वाचावी व चौघींनी ऐकावी. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीकडील झाडांचे व बायांचे नाते सांगते. गोईण म्हणजे मैत्रीण. ताराबाई शिंद्यांनी बुलढाण्यास बसून १८८२ साली लिहिलेली ‘स्त्री-पुरुष तुलना’ भाषेने थोडी जुनी आहे, तरी शिकलेल्या मुलींनी ती वाचून आपल्या भावांस व नवऱ्यांस ऐकवावी. थोडे झोंबेल, पण औषधी झोंबतेच.

तरुणांस राजकारणाच्या गप्पा आवडतात. त्यांस मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावची’ द्यावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने अभ्यासगट चालवून, कायदा वाचून, एकमताने निर्णय घेऊन २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क कसा मिळविला, ते त्यात आहे. नीट ध्यानात घ्या, त्या गावाने आधी अभ्यास केला आणि मग हक्क मागितला. कवितेची आवड असेल त्याने आमच्या चंद्रपूरचे विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा संग्रह पाहावा. म्हाताऱ्या माणसांच्या घरी तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ बहुधा असतेच. ती नुसती पाटावर ठेवून हळदकुंकू वाहण्यासाठी नाही. तिच्यात संडास, रस्ते, गोधन, सहकार यांविषयी सांगितले आहे. नातवाने रोज एक पान आजोबास वाचून दाखवावे.

आणि आमच्या नाटकवेड्या मंडळींचे काय? त्यांच्यासाठीही पुस्तक आहे. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. भटाने नाडलेले एक कुणबी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेत जावयास निघते, अशी त्याची कथा आहे. एका हिवाळ्यात आम्ही ते समाजमंदिरात आठ-दहा जणांस वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या रात्री एक बुरूड बंधू म्हणाले, “गुर्जी, तुम्ही एकटेच काऊन बोलता जी? पात्रं वाटून द्या.” वाटून दिली. विदूषकाचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. त्यांस अक्षरओळख होती, पण चौथीनंतर पुस्तक हाती धरलेले नव्हते. आपले वाक्य चुकू नये म्हणून ते दिवसा बांबू सोलता सोलता पान समोर ठेवून एक एक अक्षर लावीत. महिन्याभरात ते आमच्यापेक्षा झणझणीत वाचू लागले. वाचन ही त्यांस शिक्षा वाटली नाही, कारण ते त्यांच्या आवडीच्या वाटेने आले. ज्यास नाटक आवडते त्यास नाटक द्या, ज्यास शिकार आवडते त्यास जिम कॉर्बेटच्या शिकारकथा द्या. एकदा पाऊल पडले म्हणजे वाट तो आपली आपण शोधील.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की पोटास भाकर नाही तेथे पुस्तक कोठून घेणार? गरिबी खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. परंतु चौकातल्या पानठेल्यावर रोज दोन खर्रे घोटून घेणारा माणूस आठवड्यात जेवढे पैसे थुंकतो, तेवढ्यात लहान मुलाचे चित्रांचे पुस्तक येते. शिवाय प्रत्येकाने विकत घेण्याची गरजच नाही. दुसरा आक्षेप तरुणांचा. ते म्हणतात, आम्ही पोलीस भरतीची व तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तके वाचतो, बाकीचे वाचून नोकरी मिळते काय? बाळांनो, ती जरूर वाचा, नोकरी लागली तर आम्ही पेढे वाटू. पण आमच्याकडील कित्येक अभ्यासिकांत परीक्षेच्या पुस्तकांवाचून दुसरे काही नाही, हे बरे नव्हे. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो. ज्यास जागा मिळाली नाही त्याच्या हाती शेवटी काय उरले? ज्याने माणसांच्या गोष्टी वाचल्या, त्यास निदान अपयशाचे दिवस कसे काढावे हे ठाऊक असते. तिसरा आक्षेप आम्हां मास्तरांचा, की पुस्तके फाटतात, हरवतात. फाटू द्या! मळलेले पुस्तक हेच वाचलेले पुस्तक. कोरे करकरीत पुस्तक पाहिले की आम्हांस आता ती वाळवी आठवते.

सरकार काय करते, असेही कोणी विचारील. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची तशीच गोष्टींची पुस्तके असावी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयास अनुदान मिळते. गडचिरोली पोलीस दलाने अलीकडे ‘एक गाव, एक वाचनालय’ या उपक्रमातून दूरदूरच्या गावांत वाचनालये उघडली आहेत. पाचगणीजवळच्या भिलार गावात ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तके ठेवून ‘पुस्तकांचे गाव’ केले आहे. हे सारे चांगले आहे. पण वाचनालय उघडले म्हणजे वाचन सुरू झाले असे नाही. इमारत सरकार देईल, कपाट देईल, पुस्तकेही देईल. कोणते पुस्तक कोणाच्या हाती द्यावे हे मात्र सरकारास कळणार नाही, कारण ढीवराच्या पोराचे लक्ष तलावाकडे का आहे हे त्यास ठाऊक नसते. ते गावास ठाऊक असते.

म्हणून आमची सूचना अशी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९१० साली मुक्त वाचनालयांची योजना काढली. तिच्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून त्या गावोगाव फिरविल्या जात. १९३१ साली तंजावरकडे मन्नारगुडी येथे बैलगाडीवर वाचनालय घालून खेड्यांत नेले, आणि त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पुस्तके वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे व प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतील पहिले तीन. आमच्याकडे सुतार आहेत, बैलगाडी आहे, सायकल आहे. एका गावाने तीस पुस्तकांची एक पेटी करावी. दहा लहान मुलांची, दहा मोठ्या मुलामुलींची, दहा मोठ्या माणसांची. महिन्याने ती पुढच्या टोल्यावर जावी व त्यांची पेटी इकडे यावी. पाच टोल्यांनी मनावर घेतले तर प्रत्येकास दीडशे पुस्तके वाचावयास मिळतात. तेंदूपाने व बांबू यांच्या विक्रीतून पुष्कळ ग्रामसभांच्या हाती पैसा येऊ लागला आहे. हंगामाच्या हिशेबाच्या बैठकीत त्यातील थोडी रक्कम पेटीसाठी बाजूस काढण्याचा ठराव करावा. पेटी मास्तराच्या ताब्यात देऊ नये. मास्तर बदलून जातो. ती गावातल्या एखाद्या आठवी-नववीतल्या मुलीच्या ताब्यात द्यावी. आणि पेटीत एक साधी वही ठेवावी. ज्याने पुस्तक वाचले त्याने त्यात एकच ओळ लिहावी, की हे पुस्तक गावात कोणास आवडेल. “हे सुतारमामास द्या”, “हे आमच्या आजीस वाचून दाखवा”. ज्यास लिहिता येत नाही त्याने सांगावे, मुलीने लिहावे. आमची लख्ख नोंदवही जे काम चार वर्षांत करू शकली नाही, ते ही मळकी वही एका हंगामात करील.

विद्या ही कोणा एका जातीची मिरास नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी भांडून सिद्ध केले. त्यांच्यापुढे कुलूप दुसऱ्याने लावलेले होते. आज पुष्कळ ठिकाणी कुलूप आपलेच आहे व किल्लीही आपल्याच खिशात आहे. तेव्हा आमच्या शिक्षक बंधुभगिनींस हात जोडून विनंती, की उद्या शाळेत गेल्यावर प्रथम ते कपाट उघडा व पुस्तके चटईवर मांडा. आणि आईबापांस विनंती, की पुढल्या सोमवारी शाळेत जाऊन विचारा, “गुरुजी, आमच्या पोराने या महिन्यात कोणते पुस्तक वाचले जी?” मास्तर गडबडला तर समजा, की वाळवी जवळ आली आहे.

तो ढीवराचा पोर आता बाप झाला आहे. तलावाचा ठेका त्याच्या सोसायटीकडे आहे, आणि त्याचा हिशेब तोच लिहितो. परवा बाजारात भेटला. बरोबर पाच वर्षांची लेक होती. म्हणाला, “गुर्जी, इच्यासाठी चित्राचा एखांदा सांगा ना जी.” आम्ही सांगितले.